रुंद फळी आणि यवतमाळचा मे महिना

यवतमाळात घराला लाकडी फरशी करायची म्हटलं, की ऐकणारा पहिला प्रश्न वाळवीचा काढतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर दुसरा. वाळवीवर निदान औषध मिळतं, हवेवर मिळत नाही. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या आसपास घुटमळतो, दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. पुढे दोन-अडीच महिन्यांत पावसाळा बसला की तीच आर्द्रता ऐंशीच्या पुढे जाते. दगडी किंवा सिरॅमिकच्या फरशीला याचं काही सोयरसुतक नसतं. लाकडाला असतं, आणि फळी जितकी रुंद तितकं जास्त.

रुंद फळीची ही हौस नवी आहे. आठ-दहा इंच रुंद, फिकट पिवळसर, मधूनमधून तपकिरी गाठी असलेल्या पाइनच्या फळ्या फोटोत फार सुरेख दिसतात. आपल्या जिल्ह्यात पाइन उगवत नाही. हिमालयात चीड आहे, पण बाजारात मिळणारं बहुतेक पाइन परदेशी असतं. न्यूझीलंडसारख्या देशांतून कांडला बंदरात ओंडके उतरतात, गांधीधामच्या आरागिरण्यांत त्यांच्या फळ्या होतात आणि तिथून त्या देशभर जातात. न्यूझीलंडचं हे रेडिएटा पाइनही मूळचं तिथलं नव्हे. ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या मोजक्या ठिकाणचं झाड. न्यूझीलंडमध्ये त्याची लागवड झाली आणि पंचवीस-तीस वर्षांत ते तोडणीला येऊ लागलं. भरभर वाढलेल्या झाडाच्या वार्षिक वाढीच्या कड्या रुंद असतात आणि गाभ्याजवळचं कोवळं लाकूड पीळ खाण्यात तरबेज. फळी निवडताना तिच्या टोकाकडे बघावं. झाडाच्या मध्यबिंदूचा ठिपका फळीत आलेला दिसला, तर ती बाजूला ठेवावी. तिचं पुढे स्टूल होईल, फरशी होणार नाही.

स्वस्तात पाइन हवं म्हणून एमआयडीसीतल्या जुन्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या घेणारेही आहेत. त्यांवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि ‘एचटी’ असा शिक्का असतो. तो पाहून लाकूड ‘ट्रीटेड’ आहे अशी समजूत होते. त्या शिक्क्याचा अर्थ इतकाच, की लाकडाचा गाभा किमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवलेला आहे. देशोदेशींच्या किडी मालाबरोबर फिरू नयेत म्हणून केलेला हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्या दिवशी लाकडात असलेली अळी त्याने मरते, पण उद्या येणाऱ्या वाळवीला अटकाव होत नाही. लाकूड पुरेसं वाळलं आहे असंही त्यातून ठरत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. लाकूड पाणी दोन ठिकाणी धरतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी आधी निघून जातं, त्याने वजन घटतं पण आकार बदलत नाही. ओलावा २८ ते ३० टक्क्यांच्या खाली उतरला, की भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि तिथून पुढे लाकूड आकसतं. हवा दमट झाली की भिंती पुन्हा पाणी ओढतात आणि ते फुगतं. आपल्या कपाशीच्या काळ्या जमिनीचंच हे चरित्र: उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगून सारं एकजीव. शेतकऱ्याच्या घरात हे निराळं समजावून सांगावं लागत नाही.

फरक एवढाच की लाकूड सर्व दिशांनी सारखं हलत नाही. लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. रुंदीत हलतं, आणि तेही फळी ओंडक्यातून कशी कापली आहे त्यावर. ओंडक्याच्या कडेने सरळ काप घेतलेल्या फळीच्या टोकाला कड्या आडव्या, कमानीसारख्या दिसतात. ती सगळ्यांत जास्त हलते. मध्यातून त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळीत कड्या उभ्या दिसतात आणि ती जवळपास निम्मीच हलते. आरागिरणीत बहुतेक माल पहिल्या प्रकारचा निघतो, कारण त्यात लाकूड वाया कमी जातं.

थोडा हिशेब मांडू. घरातल्या लाकडाचा ओलावा उन्हाळ्यात ६ टक्क्यांवर आणि पावसाळ्यात १४ टक्क्यांवर जातो असं धरलं, तर फरक ८ टक्क्यांचा. आपल्याकडच्या हवेसाठी हा फरक अजिबात वाढवून सांगितलेला नाही. आडव्या कड्यांची आठ इंची पाइनची फळी एवढ्या फरकाने सुमारे ४ मिलिमीटर हलते, म्हणजे सुताराच्या भाषेत सव्वा सूत. तेवढ्याच रुंदीची सागाची फळी जेमतेम एक सूत हलते, आणि उभ्या कड्यांची सागवानी फळी अर्धा सूत. पाइनचीच पण चार इंची फळी घेतली तर पाऊण सुताच्या आत. दहा फूट रुंद खोलीत आडव्या कड्यांच्या सगळ्या पाइनच्या फळ्यांची हालचाल एकत्र धरली तर ती अडीच इंचांच्या घरात जाते. भिंतीकडेला अर्धा इंच जागा सोडा, असं मिस्त्री सांगतो. ती सोडावीच, पण अडीच इंचांपुढे अर्धा इंच म्हणजे काय ते उघड आहे. मे महिन्यात फळ्या एकमेकींना ठोकून घट्ट बसवल्या असतील, तर जुलैत त्या कुठेतरी कमान करून उठणारच.

रुंद पाइन जिथून प्रसिद्ध झालं, त्या अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरही हा त्रास होता. तिथे पांढऱ्या पाइनचे प्रचंड वृक्ष होते. ब्रिटिश आरमाराला डोलकाठ्यांसाठी ते इतके हवे होते, की १६९१ च्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत २४ इंच आणि त्याहून जास्त व्यासाची झाडं राजाची म्हणून राखून ठेवली गेली. १७७२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या वीअर गावात या पाइनवरूनच दंगा झाला. त्या लोकांच्या घरांतल्या रुंद फळ्या आजही आहेत, पण भेगांसकट. तिथे हिवाळ्यात शेकोटीमुळे घर कोरडं पडतं आणि फळ्यांमध्ये फटी पडतात, उन्हाळ्यात त्या मिटतात. आपल्याकडे याच्या नेमकं उलट: फटी उन्हाळ्यात, मिटणं पावसाळ्यात. तिथले लोक त्या फटींसह राहिले. आजच्या फोटोत फटी दिसत नाहीत, कारण फोटो वर्षातून एकदाच काढलेला असतो.

मग आपल्या जुन्या वाड्यांत कसं होतं? तिथे लाकूड भरपूर होतं. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, असा कडीपाट विदर्भापासून पुण्यापर्यंत सगळीकडे. खालून पाहिलं तर फळ्यांचं छत, वरून ती माडीची जमीन. पण वरच्या माणसाचा पाय त्या पाटावर सहसा पडत नसे. पाटावर मातीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा थर असे, त्यावर शेणाचं सारवण. उघड्या फळीवर चालायचं ते माळ्यावर, तेही धान्याच्या कणग्या बघायला. मातीच्या थराने उष्णता अडे, आवाज अडे आणि लाकडाला हवेचा झटका एकदम बसत नसे. शिवाय पाट कड्यांवर खिळ्यांनी जखडून एकजीव करायची घाई कोणाला नव्हती. फळी आकसली तर आकसली. खालून पाहणाऱ्याला बारीक फट दिसे आणि तिच्यातून थोडी माती गळे. घरातल्या बाईला त्याचा ताप होत असणार, हे मात्र वाड्यांचं कौतुक करणारे सांगत नाहीत.

हे सगळं लाकूड सागाचं असे. पांढरकवडा, घाटंजी, झरी जामणी या पट्ट्यातल्या जंगलांत साग आजही मुख्य झाड आहे. टिपेश्वर अभयारण्यात गेलेल्यांनी वाघ पाहिला नसला तरी साग पाहिलेला असतोच. मुरमाड, उथळ जमिनीवर वाढलेला इथला साग उंची-जाडीत गडचिरोलीच्या आलापल्लीच्या सागाची बरोबरी करत नाही. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते चंद्रपूर-गडचिरोलीकडचं. म्हणून आपल्या सागातून आठ इंची, गाठ नसलेली फळी मिळणं दुर्मीळ आणि महागही. तीन-चार इंची पट्ट्या मात्र मिळतात, आणि फरशीला त्याच बऱ्या. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी नैसर्गिक द्रव्यं असतात, म्हणून वाळवी त्याच्या नादी लागत नाही. पण ही कीर्ती आतल्या तपकिरी लाकडाची आहे. सालीलगतचा पांढरा भाग वाळवी आवडीने खाते, आणि बाजारात तो रंग चढवून खपवला जातो.

बांधावर स्वतःचा साग असणारे म्हणतील, आमच्याकडे तर घरचंच लाकूड आहे. असेल, पण स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते आणि तो आरागिरणीपर्यंत न्यायला वाहतूक परवाना. हे आधी करावं, नाहीतर ट्रॅक्टर नाक्यावर अडकतो. यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे पडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान. त्या कड्या चिरून सुरेख पट्ट्या निघतात. चिरण्याआधी त्यात मोडून राहिलेले खिळे शोधून काढावे लागतात, एरवी गिरणीवाल्याचं पातं जातं आणि त्याचा पारा चढतो. एक भ्रम मात्र सोडावा. शंभर वर्षं मुरलेलं लाकूड हलत नाही, असं सुतारही छातीठोकपणे सांगतात. ते हलतं. त्यातले ताण निवळलेले असतात म्हणून ते पीळ खात नाही, पण ओलावा घेणं-सोडणं त्याने सोडलेलं नसतं.

पाइनची दुसरी उणीव मऊपणाची. लाकडाचा कठीणपणा मोजायची यान्का चाचणी सोपी आहे: ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतायला किती जोर लागतो ते पाहायचं. सागाला साधारण साडेचारशे किलोचा जोर लागतो, रेडिएटा पाइनला साडेतीनशेच्या आसपास, अमेरिकेच्या पांढऱ्या पाइनला पावणेदोनशेच. म्हणजे लोखंडी कपाटाचे पाय, पलंग सरकवणं, हातातून निसटलेला खलबत्ता, या सगळ्यांची नोंद पाइनवर राहते. काहींना ती आवडते. स्वयंपाकघरात आणि देवघरासमोर ती मला तरी आवडणार नाही.

एवढं ऐकूनही पाइनच हवं असेल तर ते होऊ शकतं. माझं मत असं, की वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत करावं, झोपायच्या किंवा वाचायच्या, आणि फळी पाच-सहा इंचांहून रुंद घेऊ नये. तळमजल्यावर दोन शत्रू एकदम भेटतात. काळ्या मातीतली घरं आधीच हलतात. जोत्याला तडे जातात, पावसाळ्यात ओल वर चढते, आणि त्याच वाटेने वाळवी मातीच्या नळ्या बांधत येते. तळमजल्यावर करायचंच असेल तर भिंत आणि जमीन यांच्या सांध्यालगत ठरावीक अंतरावर भोकं पाडून वाळवीनाशक सोडून घ्यावं लागतं. नव्या बांधकामात हे पायाच्या वेळीच उरकतं आणि स्वस्तही पडतं. भारतीय मानक ६३१३ मध्ये या दोन्ही पद्धती दिलेल्या आहेत, कंत्राटदाराकडे त्याच नावाने मागणी करावी. पाइनच्या फळ्या बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात बुडवून घेतल्या की त्या घरातल्या कोरड्या जागी चांगल्या टिकतात. फक्त बसवताना कापलेल्या प्रत्येक टोकाला तेच द्रावण पुन्हा लावायचं. सुतार हे हमखास विसरतो, कारण ते त्याला सांगितलेलंच नसतं.

स्लॅबची ओल तपासायला यंत्र नको. दोन फूट चौरस जाड प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावं. खाली घाम धरला किंवा सिमेंट काळपट पडलं, तर थांबावं. फळीचा ओलावा मोजायला दोन सुयांचं मीटर मिळतं. तेही नसेल तर फळीचा छोटा तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावा, ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास तापवावा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत अधूनमधून तोलत राहावं. तुकडा आधी ११५ ग्रॅम आणि शेवटी १०० ग्रॅम भरला, तर ओलावा १५ टक्के. गांधीधामहून ताडपत्रीखाली पावसात आलेला माल याहून बराच ओला असू शकतो.

बसवायचा काळ दिवाळीनंतरचा. तेव्हा आर्द्रता दोन्ही टोकांच्या मधोमध असते, त्यामुळे पुढे फळी फुगली काय आणि आकसली काय, निम्म्यानेच. त्याआधी दोन-तीन आठवडे माल त्याच खोलीत रचून ठेवायचा. प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या घालायच्या, म्हणजे हवा सगळीकडून फिरते. गठ्ठा बांधलेला तसाच ठेवून ‘महिनाभर घरात होता’ म्हणण्याला काही अर्थ नाही. स्लॅबवर जाड प्लास्टिकचा कागद, सांध्यावर सांधा चढवून. त्यावर सोळा-सोळा इंचांवर औषध लावलेल्या रिपा, पाणसळीने पारखून. त्यावर फळ्या.

खरी कसोटी फळी ठोकण्यात. आपला सुतार दारं-खिडक्यांत तयार झालेला असतो आणि तिथे सांधा घट्ट बसला की काम चोख. इथे तीच सवय नडते. रुंद फळीच्या दोन्ही कडांना घट्ट खिळे मारले तर आकसताना ती ओढली जाते आणि मध्यभागी उभी तडकते. म्हणून प्रत्येक रिपेवर फळीचा मध्य स्क्रूने पक्का करायचा, कडा मोकळ्या ठेवायच्या. फळीच्या एका कडेला खाच आणि दुसरीला जीभ असली, की शेजारची फळी कडेला उचलू देत नाही आणि सरकूही देते. खाचेत गोंद घालायचा नाही. इथे सुताराशी थोडा वाद होतो, तो करावा. दोन फळ्यांमध्ये दीडेक मिलिमीटरची फट ठेवायला एक रुपयाचं नाणं उभं धरून पुढची फळी त्याला टेकवायची आणि मग नाणं काढून घ्यायचं. भिंतीकडेची जागा वरून पट्टीने झाकली जाते. ती पट्टी भिंतीला ठोकायची, फळीला नव्हे.

लेप वरून एक आणि खालून काहीच नाही, असं केलं की फळीची खालची बाजू ओलावा झपाट्याने घेते, वरची घेत नाही आणि फळी ताटासारखी वाकते. बसवण्याआधीच सगळ्या बाजूंना तेलाचा एक हात द्यावा. जवसाचं तेल उत्तम. ज्या जवसाची चटणी आपण खातो त्याचंच, पण खायचं नव्हे. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते, कारण त्यात वाळवणारी द्रव्यं घातलेली असतात आणि ते दिवस-दोन दिवसांत सुकतं. कच्चं तेल आठवडाभर चिकट राहतं आणि त्यावर यवतमाळची धूळ बसते. हे तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि त्यात उष्णता निघते. तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून ठेवले तर ते आपोआप पेटू शकतात. ते पाण्यात बुडवावेत किंवा अंगणात सुटे पसरून वाळवावेत.

आता कूलर. उन्हाळ्यात खोलीत कूलर लावला की आत हवा दमट आणि पलीकडच्या खोलीत वाळवंट. म्हणजे मे महिन्यातही कूलरच्या खोलीतली फरशी फुगलेली राहते आणि कूलर बंद झाला की आकसते, हे रोज. कूलरच्या तोंडासमोरच्या चार-पाच फळ्या सगळ्यांत आधी वाकतात. लाकडी फरशीच्या खोलीत कूलर नसावा किंवा त्याची हवा तरी वरच्या बाजूला सोडावी. एसी याबाबतीत बरा. पाणी टाकून फरशी धुण्याचा आपला रिवाजही इथे चालत नाही. घट्ट पिळलेलं फडकं पुरतं.

दुकानात ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून जे स्वस्तात दाखवतात, ते बहुधा लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड आणि वर लाकडाचा छापील कागद. ते वेगळं प्रकरण. प्लायवर लाकडाचा जाड थर चिकटवलेली इंजिनिअर्ड फळी मात्र विचारात घेण्यासारखी आहे. तिच्यातले थर एकमेकांना आडवे असल्याने ती रुंद असूनही फार कमी हलते. ज्यांना रुंदीच हवी आणि फटी नकोत, त्यांनी ती घ्यावी. भरीव फळी घेणाऱ्यांनी पहिल्या मे महिन्यात फटी दिसल्या की लांबी भरायचा मोह टाळावा. ऑगस्टात फळ्या फुगल्या की ती लांबी दाबली जाऊन वर येते, नाहीतर फळीची कड चेपते आणि पुढच्या उन्हाळ्यात फट आधीपेक्षा मोठी दिसते.